आंबटाचं पथ्य

॥ श्री ॥

चिनावल,
ता. १३ डिसेंबर १९५३

सौ. ताईबाई यांस वहिनीचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत, तुमच्याकडचं कळवा.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. उत्तर आलं नाही म्हणून रुसला असाल तर रुसून घ्या. माझी शाळा चौथीत सुटली. एक पान लिहायचं म्हणजे पायलीभर ज्वारी दळल्यासारखे खांदे भरून येतात, आणि त्यात बागेची कापणी चालू होती.

मुद्द्याचं लिहिते. तुमच्या भावाचे डोळे चाललेत. दिवसा दिसतं, पण चुलीच्या धुरातून दिसावं तसं. मला सांगितलं नाही, मीच ओळखलं. ताटातली चटणी सोडून भाकरी नुसतीच खायला लागले. बागेत केळ्याचा घड बघायचा तर हल्ली जवळ जाऊन अंगठ्यानं सालीवरच्या धारा चाचपतात. पंचवीस वर्षं या गावात घड कधी उतरवायचा ते ह्यांना विचारून ठरतं. दिल्लीच्या वॅगनला जाणारा घड सालीच्या धारा टोकदार दिसत असतानाच कापावा लागतो, जवळ जाणारा भरू द्यावा लागतो. ह्यांनी लांबून बघून सांगावं आणि लोकांनी कोयता लावावा, अशी रीत. मागच्या पंधरवड्यात बन्सीलालच्या बागेतले पुरते भरलेले घड ह्यांनी दिल्लीला लावले. वाटेतच पिकले आणि डब्यात चिखल झाला. बन्सीलाल भला माणूस, तो म्हणाला की यंदा ऊन जास्त होतं. थंडीत कसलं आलंय ऊन? तुमचे भाऊ घरी आले आणि दोन दिवस ओसरीवरून उठले नाहीत.

आता सल्ले. शेजारची शेवंताबाई म्हणते गुलाबपाणी घाल. शाळेचे मास्तर म्हणतात गाजर खाऊ घाला. दुकानवाल्या धापूबाईनं सांगितलं की मधात कांद्याचा रस कालवून घाला, त्यांच्या मारवाडात सगळे घालतात. तो मी घातला. तुमच्या भावानं असा उंबरा ओलांडला की तरण्यानं काय ओलांडावा, आणि माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या. ज्याला त्याला मी एकच विचारते, तुम्ही आजवर कुणाचा डोळा बरा केलाय? मग त्यांना घरची कामं आठवतात. बोलून जायला काही लागत नाही, ताईबाई. मागे डोळा आमचा राहतो.

राहता राहिले कौतिकभाऊ. ते तुम्हाला आठवतच असतील, आपल्या बांधाला लागून ज्यांची बाग आहे ते. ह्यांचे जिवाचे सोबती, दोघांचा घोट एकाच विहिरीचा. मागच्या माघात सावद्याच्या बाजारात एक सुईवाला वैद आला होता. डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू खाली बसवतो. कौतिकभाऊंचा उजवा डोळा त्यानं केला. ते उठून बसले आणि समोरच्याच्या पागोट्याचा रंग सांगितला म्हणे. मी पाहिलं नाही, पण निम्म्या बाजारानं पाहिलं. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत असतात की काही नाही, मुंगी चावली एवढंच वाटलं. तोच सुईवाला २४ जानेवारीच्या रविवारी परत येतोय. ह्यांनी जायचं ठरवलंय. मी नको म्हटलं तर म्हणाले, तुला काय कळतं, कौतिकनं स्वतः करून घेतलंय.

कौतिकभाऊंचं खोटं कसं म्हणू? पण मन घेत नाही. तुमच्या धुळ्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत असं तुम्ही मागे लिहिलं होतं. तिथं जाऊन बघा. पण सल्ला देऊ नका. आमच्या कुंदाचं चाळीसगावचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही लिहिलंत की घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. घर तेवढं चांगलं निघालं. ह्या वेळी जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहा, पुढचं मी बघेन.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायला आता कुणाच्या अंगात जोर आहे.

तुमची वहिनी,
बेबाबाई


॥ श्री ॥

धुळे, पाचवी गल्ली,
ता. २२ डिसेंबर १९५३

तीर्थस्वरूप सौ. वहिनी यांचे सेवेशी ताईबाईचा सा. न. वि. वि. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत.

तुमचे पत्र वाचून आधी रडू आले, मग राग आला. ह्यांना वाचायला दिले तर कांद्याच्या रसाशी पोचून हसत सुटले, म्हणून तो राग त्यांच्यावर काढला. आता शांत होऊन लिहिते.

कुंदाचे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. मी त्या लोकांच्या ओसरीत चहा घेतला आणि शेजारणीने जे सांगितले ते तुम्हाला कळवले. जावयांच्या रागाचे मला काय ठाऊक? पण ठाऊक नाही असे लिहिणे जिवावर आले. माझ्या लग्नाला बारा वर्षे झाली, तोवर तुम्ही मला कधी काही विचारले नव्हते. त्या वेळी विचारलेत ह्याचाच एवढा आनंद झाला होता. ह्याहून दुसरे कारण मला सापडत नाही, आणि पुष्कळ शोधले.

तर ह्या वेळी तुम्ही सांगितले तसे केले. दवाखान्यात सलग तीन सकाळी जाऊन बसले. डॉक्टर म्हातारे आहेत आणि तिरसट आहेत. भाऊंचे सगळे सांगून मी विचारले की दिसेल ना. तर म्हणाले, माणूस पाहिल्याशिवाय सांगणार नाही आणि पाहिल्यावरही शब्द देणार नाही. बहुतेकांना दिसते, काहींना दिसत नाही, आणि कोणाची आतली शीरच मेलेली असेल तर कोणाच्याच हातात काही नसते. हमी हवी असेल तर बाजारात मिळते म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की पहिल्या दिवशी तशीच उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना काही विचारले नाही. बाकावर बसून राहिले, आणि नवीन आलेल्यांशी न बोलता जे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आले होते त्यांच्याशी बोलले. सात माणसे भेटली. पाच जणांना जाड चष्मा लावून दिसते. त्यातल्या एका बाईने माझ्या पातळाच्या काठांचा रंग सांगितला. एकाला अंधुक दिसते. एकाचा डोळा चिघळला, तो डॉक्टरांना शिव्या देत होता, पण औषध घ्यायला त्यांच्याचकडे आला होता.

आणि साक्रीकडचा एक म्हातारा भेटला, सुकदेव नावाचा. त्याने सुई मारून घेतली होती. म्हणाला, पयले पाच-सहा महिने बठ्ठं दिसे, मंग ठणका लागना, आते बठ्ठा अंधार शे. सगळाच अंधार, वहिनी. मी डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, सुईने मोतीबिंदू निघत नाही, तो डोळ्यातच खाली ढकलला जातो. वाटेतून बाजूला झाला की त्या क्षणी दिसते, म्हणून बाजारात टाळ्या पडतात. पुढे तो आतल्या आत डोळा नासवतो, तेव्हा सुईवाला दुसऱ्या गावी असतो.

हे मी कानांनी ऐकलेले आहे, तुम्ही म्हणाल तर तेवढ्यावर विश्वास ठेवा. सल्ला देत नाही. एकच विचारते. कौतिकभाऊंना सुई मारून किती महिने झाले, आणि त्या डोळ्याने त्यांना आज काय दिसते? मागच्या माघातले नको, आजचे.

भाऊंना माझा नमस्कार सांगा आणि पुन्हा कांदा घालू नका. बोलले असेन जास्त तर ते धाकटेपणाच्या खाती टाका.

आपली,
ताईबाई


॥ श्री ॥

चिनावल,
ता. ८ जानेवारी १९५४

सौ. ताईबाई यांस आशीर्वाद. वि. वि. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला. ह्यांच्या कानावर जाता कामा नये.

तुमचा प्रश्न वाचून मी आधी हसले. अकरा महिने झाले सुईला, आणि माणूस बागेत नाकासमोर चालतो, पाटाचं पाणी स्वतः फिरवतो, त्याला दिसत नाही कसं म्हणू? मग भांडी घासताना विचार करत बसले. केळीची झाडं पाच-पाच फुटांवर, ओळीनं लावलेली. त्याच ओळीतून माणूस तीस वर्षं चालला तर पायांनाच वाट पाठ होते. आणि कौतिकभाऊ बागेबाहेर कधी एकटे दिसतात? देवळात भिकुबाई बरोबर, बाजारात छगन बरोबर. बायको-लेकाची माया म्हणून आम्ही वर कौतुक करायचो.

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या बागेत गेले आणि त्यांच्या रोजच्या वाटेत मधोमध बसले. लालभडक लुगडं नेसून. ते आले ते नाकासमोर चालत सरळ माझ्यावर आपटले. मी गप्पच. त्यांनी काठीनं ढोसलं आणि हट हट केलं. म्हैस समजले. मग मी म्हणाले की भावजी, ही म्हैस तुमच्या शेजारची आहे आणि ती बोलते.

तिथंच मातीत बसले. सगळं सांगितलं. श्रावणापर्यंत चांगलं दिसत होतं, मग ठणका, दिवाळीपर्यंत उजवा डोळा पुरता गेला. डाव्यात मोतीबिंदू वाढलाय, सावली तेवढी दिसते. मी विचारलं की मग असं असताना तुम्ही ह्यांना त्याच सुईखाली घालायला निघालात, हे कुठलं सोबतीपण?

त्यांनी जे सांगितलं ते ऐका. सुईवाल्यानं पथ्य दिलं होतं, वर्षभर आंबट वर्ज्य. चिंच नाही, ताक नाही, कैरी नाही. आषाढात भिकुबाईच्या माहेरी पंगत होती, तिथं ह्या गृहस्थांनी कढी प्यायली. दोन वाट्या. म्हणाले, वहिनी, माझ्या जिभेनं माझा डोळा खाल्ला, त्यात त्या वैदाचा काय दोष? तुमचा जीवराम माझ्यासारखा हावरट नाही, तो पथ्य पाळेल, त्याचा डोळा टिकेल. हे ते अगदी मनापासून म्हणाले, ताईबाई. लबाड असते तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात भिकुबाई पळत आली. तिनं माझे पाय धरले. छगनचं वरणगावच्या मुलीशी बोलणं चाललंय, पाहुणे होळीच्या आधी यायचेत. बाप आंधळा, आणि तोही खादाडपणानं आंधळा झालेला, असं कळलं तर लोक हसतील, सोयरीक मोडेल. ह्यांना कळलं की गावाला कळलंच, कारण तुमच्या भावाच्या पोटात राग मावत नाही. तिनं मला कुंदाच्या गळ्याची शपथ घातली की जीवरामभाऊंना सांगायचं नाही. मी वेड्यासारखी हो म्हणाले. रडणाऱ्या बाईपुढे माझं नेहमी असंच होतं, बाहेर मात्र मी फटकळ म्हणून प्रसिद्ध.

आता माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि रविवार सोळा दिवसांवर आलाय. हे रोज दिवस मोजतात. काल मला म्हणाले की सुई झाली की आधी बन्सीलालच्या बागेत जाणार. मी पीठ मळत होते, मान वर केली नाही.

सांगितलं तर लेकीच्या गळ्यावर हात, नाही सांगितलं तर नवऱ्याच्या डोळ्यावर. मी थकले हो. ह्या वेळी मी तुम्हाला खरोखर विचारते. काय करू?

उत्तर लवकर टाका. माया नंतर कळवली तरी चालेल.

तुमची,
बेबाबाई वहिनी


॥ श्री ॥

धुळे,
ता. १५ जानेवारी १९५४

तीर्थस्वरूप सौ. वहिनी यांस ताईबाईचा सा. न. सोबत पुडीत तिळगूळ आहे.

काय करू म्हणून विचारलेत. पूर्वीची मी असते तर त्याच पावली दोन पाने लिहिली असती. शपथ मोडा की पाळा हे मी सांगणार नाही. शपथ कुंदाच्या गळ्याची आहे, आणि कुंदाच्या बाबतीत माझ्या डोक्यावर आधीच पुरेसे आहे.

म्हणून परत दवाखान्यात गेले. सुकदेव म्हातारा दर बुधवारी ठणक्याचे औषध न्यायला येतो. त्याला विचारले की आजोबा, सुईनंतर तुम्हाला पथ्य काय होते. त्यालाही आंबटच वर्ज्य केलेले होते. मी म्हटले, मोडलेत का? तो चिडलाच. म्हणाला, वरीसभर ताकना थेंब नहीं पिना, पोरीना लगीनमा कढी व्हती ती बी नहीं पिनू. तरी डोळा गेला. शिरपूरकडच्या एका बाईला गोड वर्ज्य होते. तिने दिवाळीतही तोंडात साखर घातली नाही. तिचाही गेला.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, असे लोक पथ्य मुद्दाम अवघड देतात. वर्षात एकदा तरी माणसाकडून मोडतेच. मग डोळा गेला की माणूस स्वतःचे तोंड धरतो, सुईवाल्याचा हात धरत नाही. कढीने डोळे जात असते तर खानदेशात डोळस माणूस औषधालाही उरला नसता.

शपथ भाऊंना न सांगण्याची आहे. कौतिकभाऊंना हे पत्र वाचून दाखवायला ती आड येत नाही असे मला वाटते. एवढे मात्र माझे वाटणे आहे, बाकीचे सगळे विचारून आणलेले आहे.

तिळगूळ भाऊंना आधी द्या. तुमच्या पत्राची वाट बघत दारातच असते म्हणा ना.

आपली,
ताईबाई


॥ श्री ॥

चिनावल,
ता. २७ जानेवारी १९५४

सौ. ताईबाई यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तिळगूळ पोचला, पुडी फाटून निम्मा टपालवाल्याच्या पिशवीत गेला.

तुमचं पत्र गेल्या बुधवारी आलं. तशीच उठून कौतिकभाऊंच्या पडवीत गेले आणि वाचून दाखवलं. माझं वाचणं म्हणजे खड्ड्यातून गाडी. सुकदेवाचा मजकूर त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग विचारलं की ताईबाईनं हे स्वतः विचारलं की कुणाकडून ऐकलं. मी म्हटलं स्वतः, बाकावर बसून.

मग भिकुबाई बोलली. भिंतीकडे तोंड करून म्हणाली की कढीची दुसरी वाटी ते नको म्हणत होते, मीच माहेरच्या मोठेपणासाठी आग्रह करून वाढली. सहा महिने ही बाई नवऱ्याला आपण आंधळं केलं असं समजून त्याच्या ताटात वाढत होती, आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मी त्यांच्या घरी चहा न घेता परत आले. मला बसवेना.

शुक्रवारी सकाळी कौतिकभाऊ आपणहून आमच्या ओसरीवर आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. मला शपथ मोडावी लागली नाही. तुमचे भाऊ डोळ्यासाठी नाही चिडले. म्हणाले, श्रावणापासून तू माझ्यासमोर डोळस माणसासारखा मिरवलास आणि मला त्या सुईखाली पाठवत होतास, ऊठ इथनं. मग माझ्याकडे वळले. तुला पंधरा दिवस ठाऊक होतं आणि तू मला भाकरी वाढत होतीस. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी कौतिकभाऊ छगनचा हात धरून बाजारात गेले आणि सुईवाल्याच्या सतरंजीशेजारी जाऊन बसले. आरडाओरडा नाही. जो पुढे येईल त्याला आपला उजवा डोळा उघडून दाखवायचा आणि म्हणायचं, हा बघ, मागच्या माघातला. सुईवाला म्हणाला ह्यानं पथ्य मोडलं. कौतिकभाऊ म्हणाले, मोडलं, दोन वाट्या कढी प्यायलो, पण साक्रीच्या सुकदेवानं काय प्यायलं ते सांग. बन्सीलालची म्हातारी आई डोळा करायला आली होती, ती उठून घरी गेली. दुपारच्या आत सतरंजी गुंडाळली गेली. वरणगावच्या पाहुण्यांचं गाव सावद्याहून किती लांब? त्यांना कळलंच असणार.

एवढं होऊन तुमचे भाऊ म्हणतात धुळ्याला पण जाणार नाही. सोबती खोटं बोलला, बायको गप्प राहिली, आता तिऱ्हाईत डॉक्टरचं कुणाच्या भरवशावर ऐकू? त्यांचं काय चुकलं? मी वाद घातला नाही.

सोमवारी कौतिकभाऊ परत आले. म्हणाले, मी धुळ्याला जाऊन डावा डोळा करून घेतोय. तुला काही करायचं नाही, नुसता बरोबर ये आणि बघत बस. मी मधे पडले. म्हटलं, भावजी, उरलेला एकच डोळा कुणाला पटवायला असा पणाला लावू नका. तर म्हणाले की पटवायला नाही वहिनी, मलाही दिसायला हवंय. मग तुमच्या भावानं मला विचारलं की आपलं बाहेरगावी न्यायचं धोतर धुतलेलं आहे का.

तर ४ तारखेच्या गुरुवारी आम्ही तिघं निघतो. भुसावळला आणि चाळीसगावला गाडी बदलून येऊ. कुंदाला स्टेशनवर यायला कळवलंय, जावई पाठवतील तेव्हा खरं. भाकऱ्या बांधून आणते, पहिल्या दिवशी चूल पेटवू नका.

प्रेम समक्ष आल्यावर करा, लिहून माझा हात दुखतो.

तुमची वहिनी,
बेबाबाई


॥ श्री ॥

धुळे,
ता. १९ फेब्रुवारी १९५४

सौ. भिकुबाईस बेबाबाईचा रामराम. वि. वि. हे पत्र शेवंताबाईच्या सुनेकडून वाचून घे, पण घरात बसवून. तिचा आवाज मळ्यापर्यंत जातो.

आधी तुझ्या कामाचं. भावजींचा डावा डोळा झाला आणि त्यांना दिसतं. आता पदर डोळ्याला लावून झाला असेल तर पुढचं ऐक.

उजव्याचं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तो गेला, त्यावर आशा ठेवू नका. डाव्याचंही स्पष्ट सांगितलं, एकच डोळा आहे, बिघडला तर सगळंच जाईल, घरी जाऊन विचार करा. भावजी म्हणाले विचार करूनच आलोय, आणि अंगठा उठवला. ८ तारखेला डोळा केला. नंतर नऊ दिवस उताणं निजायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांना पट्टी. खोकायचं नाही, हसायचं नाही. लापशी चमच्यानं भरवायची. ती कुणी भरवली विचार. ह्यांनी. आपल्याला धड दिसत नाही, त्याला मुळीच दिसत नाही, निम्मी लापशी गळ्यात. आणि पहिले तीन दिवस दोघांत एक शब्द नाही. चौथ्या दिवशी भावजी म्हणाले लापशीला मीठ नाही. हे म्हणाले, गप खा, नाहीतर कढी मागवतो. दोघं असे हसायला लागले की नर्सबाई धावत आली आणि ह्यांना दुपारपर्यंत खोलीबाहेर काढलं.

काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं धरली ती भावजींनी बरोबर मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाले की वहिनी, तुम्ही किती म्हाताऱ्या झालात. तू तयारीत राहा.

मग ह्यांनी त्यांना एकट्याला गाठलं. मी खिडकीबाहेर होते. हे म्हणाले आता सांग, खरं सांग. भावजींनी सांगितलं. पहिली टोचणी अशी की ओरडलो. पाठ मोडते. पाचव्या दिवशी पट्टी ओरबाडून पळून जावंसं वाटलं. आत रडू आलं तर ते पाणीही झोंबलं. आता दिसतं, पण पाण्यात बुडून बघितल्यासारखं, एका दिव्याचे दोन. चष्मा दीड महिन्यानं मिळेल, त्यानं नीट होईल असं डॉक्टर म्हणतात, पण ते मी बघितलेलं नाही तर कसं सांगू.

हे ऐकून घेऊन ह्यांनी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की माझा नंबर लावा. मी म्हटलं, एवढं वाईट ऐकून? तर म्हणाले, मागच्या वर्षी त्यानं मला नुसतं चांगलं सांगितलं होतं.

उद्या सकाळी आहे. डॉक्टरांनी ह्यांनाही हमी दिली नाही. ताईबाई आम्हाला बघते आहे, माझ्या शिव्या खाते आहे. मी तिच्याशी कुंदाबद्दल बोलले. कुंदा येताना स्टेशनवर आली होती, बारीक झालीय. त्याचं काय करायचं ते आम्ही दोघी मिळून चाळीसगावला जाऊन, बघून ठरवू.

वरणगावचे पाहुणे काही बोलले का ते कळव. नसतील बोलले तर तू होऊन विचारायला जाऊ नकोस. छगनला सांग, आमच्या बागेचं पाणी पुढच्या शनिवारी फिरवायचं आहे. म्हशीला सरकी भिजवून घाल.

आज दुपारी ह्यांनी मला विचारलं की तुला काय वाटतं, करू का. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी एवढंच म्हणाले की बाहेर बसलेली असेन, तुम्ही बाहेर येईपर्यंत उठणार नाही. ह्यांनी चप्पल पायानं चाचपून पलंगाखाली सरळ लावून ठेवली आणि आडवे झाले.

आठवण असू दे, काळजी मात्र सगळी तू एकटीच करू नकोस.

तुझी,
बेबाबाई